एकाच रांगेत बापलेक

(तुर्भे. गोदामाबाहेरची चहाची टपरी.)

रुतिका : हसू नको बाबा. आधी सांग, आईला काय बोलून निघालास?

धर्मा : दात काढायला चाललो.

रुतिका : आणि इथे वडापाव खातोयस!

धर्मा : दुसऱ्या बाजूनं खातोय. तू काय बोललीस?

रुतिका : कॉम्प्युटर क्लास.

धर्मा : वा! घरात दोन बेकार, दोघं खोटारडे, आनि दोघं एकाच नोकरीच्या रांगेत. मी तर तुला पाठमोरीच ओळखली. हाक मारनार होतो. मग बोललो, पोरगी बी.कॉम. हाय, तिला कशाला लाज.

रुतिका : मी पण बघितलं होतं तुला. लपत होते... कानाला काय लागलंय?

धर्मा : केसांचा डाय. तळोज्याच्या कंपनीत आख्खी जवानी रंग बनवले, आनि स्वतःच्या डोक्याला लावताना कान काळा केला. माझ्या हाताला कंटाळूनच कंपनी गुजरातला गेली असंल.

रुतिका : गप रे. सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या, एकट्या तुझी नाही.

धर्मा : तेवढा तरी मान घेऊ दे. आत साहेब बोलला, "काका, वय?" मी बोललो, चाळीस. तो कानाकडं बघत बसला. मग बोलला, "आधार कार्ड दाखवा."

रुतिका : मग?

धर्मा : मग काय, दोघंही हसलो. माल उतरवायला घेतलाय मना. सोमवारपासून. कंपनी बंद झाल्यापासून पहिल्यांदा कोनी "या" बोललं. तुझं काय झालं?

रुतिका : तू आधी चहा घे.

धर्मा : नाय झालं? जाऊ दे गं. टेन्शन नको घेऊ.

रुतिका : झालं. हजेरी घ्यायचं काम आहे. माल उतरवणाऱ्यांची.

धर्मा : म्हंजे माझी?

रुतिका : हो.

धर्मा : आयला! घरी उशिरा उठलो तर तुझी आय ओरडते. इथं उशिरा आलो तर तू खाडा लावनार.

रुतिका : मी "नाही" बोलून येते त्यांना.

धर्मा : कशाला?

रुतिका : तू खोके उचलणार आणि मी खुर्चीत बसून टिक करणार? कोणी पोरगा तुझ्यावर ओरडला, तर गप्प बसू?

धर्मा : मी काय कमी पोरांवर ओरडलोय? ऐक. साहेबानं तुझं नाव वाचलं ना, "रुतिका धर्मा, ग्रॅज्युएट", ते मी दाराबाहेरून ऐकलं. छाती अशी फुगली, शर्टाचं बटन गेलं. तसं ते जानारच होतं. घरी बसून पोट किती सुटलंय बघ.

रुतिका : बाबा...

धर्मा : तू त्यांना "नाय" बोललीस, तर मीपन नाय जानार. बसू दोघं टीव्हीसमोर.

रुतिका : ...बरं. पण आईला तू सांगायचं.

धर्मा : सांगतो. जेवल्यावर.

रुतिका : आणि सोमवारी सोबत निघायचं.

धर्मा : निघू. गेटपाशी आलो की तू पुढं हो.

रुतिका : का? लाज वाटते?

धर्मा : नाय गं. तुला आत जाताना बघायचंय.