बाबांची चौथी पायरी

तुमच्या ऑफिसात कुणाची लेव्हल वाढली की पेढे वाटतात ना? आमच्या बाबांची वाढली, तेव्हा आई वॉर्डभर माफी मागत फिरत होती.

झालं असं, की स्कूटरवरून पडून बाबांच्या डोक्याला मार लागला. बरेच दिवस ते नुसते पडून होते, हाक मारली तरी ओ नाही. मग एका सकाळी त्यांनी पेजेची वाटी भिरकावली आणि सिस्टरना नको नको ते बोलले. मी हिंजवडीहून धावत पोचलो, तर आई प्रत्येकीपुढे हात जोडत होती. "अहो, मनावर घेऊ नका."

तेवढ्यात डॉक्टर आले. ते चक्क खुशीत. म्हणाले, "मेंदू सावरतो तो पायरीपायरीने. ही चौथी पायरी, कन्फ्यूज्ड-ॲजिटेटेड. म्हणजे गोंधळ आहे, चिडचिड आहे, पण मेंदू जागा होतोय. चांगली खूण आहे ही."

आईने पदराने डोळे टिपले. "आणि ह्याच्या पुढे?"

"पुढे हळूहळू ॲप्रोप्रिएट. म्हणजे प्रसंगाला शोभेल असं वागणं-बोलणं."

आई विचारात पडली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "डॉक्टर, ह्याच्या साखरपुड्यात हे व्याह्यांना तोंडावर म्हणाले, बासुंदीला दुधाचा वास तरी येऊ द्यायचा. शोभेल असं हे जन्मात कधी बोलले नाहीत. इतक्या वर नका नेऊ त्यांना. होते तेवढेच परत द्या."