मागचा हूक

“कापून टाक रे. गाडी तिची असली म्हणून काय झालं? ती थोडीच काही बोलणारे?” — असं म्हणाला होता क्लिंट, माझा थोरला दीर, म्हणून हे मडगार्ड असे दिसतायत. तुम्ही विचारलंत ना, कुणी चावून काढलेत का — तर हो, ग्राइंडरने चावलेत. मला ऐकू जावं म्हणून नव्हता बोलला तो. मी शेडच्या मागच्या नळावर बीट धूत होते, मध्ये नुसता पत्रा, आणि पत्र्याआडचं बोलणं समोरासमोरच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतं. लग्नाला तेव्हा बावीस दिवस झाले होते. माझ्या नवऱ्याचा, टोबीचा, आवाज जरा दबकतच आला, “विचारू का तिला एकदा?” — आणि माझे सासरे, नेव्हिल, म्हणाले, “बायकांना विचारलं की त्या विचार करायला लागतात, पोरा.” मग तिघं हसले. म्हणजे दोघं हसले आणि टोबीने साथ दिली. आणि ग्राइंडर सुरू झाला. मी काय केलं? बीट धुतलं. सगळं धुऊन झालं तरी धूत राहिले.

या, इकडून बघा, तिकडून ऊन डोळ्यांवर येतं. टायर पस्तीस इंची आहेत, एवढे टायर या गाडीच्या पोटात मावत नाहीत — म्हणून आधी ती उचलायची, स्प्रिंगा तीन इंच उंच, शॉकअब्सॉर्बर नवे, ते सगळं चांगलं झालंय, ते टोबीने केलंय — आणि उचलूनही वळताना टायर घासतात, म्हणून मडगार्ड कापायचेच. कापणं मला मान्य होतं. पण कापायची रीत असते की नाही? खूण करायची, चिकटपट्टी लावायची, कापून झाल्यावर कड घासून रंग द्यायचा. क्लिंटने बिअरची बाटली धरून माप घेतलं. गाडी माझ्या बाबांची. डेस म्हणायचे त्यांना, कागद गिरणीत बॉयलरची जोडकामं, वेल्डिंग करायचे, तेहतीस वर्षं. फुफ्फुसांत ॲस्बेस्टॉस घेऊन गेले मागच्या वर्षी. एक्क्याण्णव साली कोरी घेतलेली लँडक्रूझर, आणि इतक्या वर्षांत तिला एक ओरखडा नव्हता. नदीवर मासे धरायला जायचे तरी बूट काढून बसायचे तिच्यात. कागदावर माझं नाव आहे. बघा हवं तर. माझंच आहे, सासरच्या पेनरोजांपैकी कुणाचं नाही.

पेनरोज लोक तुम्हाला माहीत नाहीत म्हणता? बरंय. त्या घरात माणसं हातांनी बोलतात. टोबीचा पुढचा दात अर्धा आहे, तो क्लिंटने केलेला. क्लिंटच्या भुवईत खाच आहे ती टोबीची, फावड्याची. आणि दोघांच्या पाठीवर नेव्हिलच्या पट्ट्याचं बक्कल आहे — इतकं नीट उमटलंय की पोहायला गेलं की ओळखता येतं कोणत्या घरचे. आमच्या लग्नात केक कापायच्या आधी एक मारामारी झाली आणि नंतर एक. सासूबाई म्हणे आठ वर्षांपूर्वी दूध आणायला गेल्या त्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थलाच जाऊन पोचल्या. मी आपलं म्हटलं, मोकळेढाकळे लोक आहेत. आमच्या घरी मी नि बाबा दोघंच, जेवताना चमच्यांचा आवाज. मला वाटलं, गलबल्यात राहायला बरं वाटेल. पहिल्याच आठवड्यात क्लिंटने माझं नाव उंदीर ठेवलं. “उंदराला विचार मीठ आहे का.” “उंदीर आला, चीज झाका.” मीसुद्धा हसायची. उंदीर हसतो कसा ते बघायला मग ते थांबायचे.

तर हूक. तुम्ही मघाशी खाली वाकलात, मागच्या आडव्या बीमवर बोट फिरवलंत — इथे काहीतरी होतं ना, कुणीतरी घासून काढलंय — बरोबर ओळखलंत. आत्तापर्यंत चार जण येऊन गेले गाडी बघायला, एकाने खाली वाकून बघितलं नाही, सगळे टायरला लाथा मारून गेले. तिथे एक हूक होता, रुतलेली गाडी ओढून काढायचा. हे आता दिसतायत ते दोन मी बसवलेत, बोल्टचे, किती वजन पेलतील ते अंगावर कोरलेलं आहे. हे माझ्याकडे तेव्हाही होते. खोक्यात. मीच आणले होते, टोबीच्या वाढदिवसाला. क्लिंटने खोकं उघडलं, एक हूक बोटात अंगठीसारखा फिरवला, म्हणाला, “लग्नाचा आहेर का हा? छान आहे,” आणि ठेवलं खोकं शेडमधल्या फ्रीजवर. मग कुठल्यातरी मोडक्या क्रेनचा दोन किलोचा हूक घेऊन आला आणि म्हणाला, “हा बसवतो. वेल्ड करून. प्रलयातसुद्धा निघायचा नाही.”

शनिवार होता. मी बाहेर कपडे वाळत घालत होते आणि ते वेल्डिंग मला ऐकू आलं. हो, ऐकूच येतं. बाबा म्हणायचे, जोड बसतोय की नाही ते कानाने कळतं — तव्यावर बेकन एकसारखं तडतडावं तसा आवाज हवा. बारा वर्षांची असल्यापासून ऐकतेय. हा आवाज थुंकत होता. थांबत होता, परत थुंकत होता. मी आत गेले. त्याने बीमवरचा रंगसुद्धा घासला नव्हता, रंगावरच चालला होता — वरून दिसायला जाडजूड, शेण थापल्यासारखं, आणि आत लोखंडाला लोखंड लागलेलंच नाही. मी म्हटलं, “क्लिंट, रंग घासला नाहीस.” चार शब्द. त्या घरात माझे एका दमात बोललेले सगळ्यात जास्त. त्याने वेल्डिंगचा मुखवटा वर केला. “काय म्हणालीस, उंदरा? ऐकू नाही आलं. इकडे ये, बोट ठेवून दाखव कुठे ते.” आवाज इतका गोड होता की मी खरंच वाकले. बोट ठेवलं. त्याने मान हलवली, त्याचा मुखवटा खाली पडला, आणि माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर त्याने ठिणगी पाडली. पाडली आणि धरून ठेवली.

तुम्हाला झालंय कधी तसं? लगेच काही नाही होत. लगेच फक्त सगळं पांढरं दिसतं आणि लोक हसताना ऐकू येतात. नेव्हिल इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग संध्याकाळी सुरू होतं — काच कुटून पापण्यांत भरल्यासारखं, आणि डोळा मिटला तर जास्त. दोन दिवस मी बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले होते. टोबी हसला नव्हता. पण हातातली बाटलीही त्याने खाली ठेवली नव्हती. उशाशी येऊन बसला, म्हणाला, “तो मस्करी करतो गं. तुला घरातली समजतो म्हणून तर करतो.” मी म्हटलं, हं. आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं, घरातल्यांना ते असंच करतात.

बुधवारी मला नीट दिसायला लागलं. सगळे कामावर. मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले, बाबांची छोटी हातोडी घेतली आणि जोडावर टकटक केलं. चांगला जोड घंटेसारखा वाजतो. हा फुटक्या मडक्यासारखा वाजला. डाव्या कोपऱ्यात मी फळं कापायची सुरी लावून बघितली — पातं आत गेलं. एवढं, नखाएवढं. आणि फ्रीजवर ते खोकं होतं. बोल्ट, पाने, सगळं होतं. दहा मिनिटांचं काम — छे, उगाच कशाला, अर्ध्या तासाचं. मी खालून निघाले, हात धुतले, सुरी धुतली, आणि रात्री त्याच सुरीने कांदा चिरला.

तसं नाही हो. मला वाटलं निघेल, चिखलात पडेल, फजिती होईल. क्लिंटची एकदा सगळ्यांसमोर फजिती व्हावी, एवढंच. एवढी इच्छा तर कुणालाही होते.

रविवारी नवी केलेली गाडी पहिल्यांदा बाहेर काढायची, हे त्यांचं ठरलेलं. डार्गोच्या वर तो चिकणमातीचा चढ आहे ना, ज्याला सगळे नुसतं ‘जिना’ म्हणतात — तोच. आदल्या रात्री पाऊस झालेला. माझी गाडी टोबी चालवत होता, मी शेजारी, आणि मागून नेव्हिल आणि क्लिंट नेव्हिलच्या गाडीत. तिसऱ्या पायरीवर आम्ही घसरलो आणि मागची चाकं अशी रुतली की दार उघडलं तर चिखल आत. क्लिंट आनंदाने उतरला. नेव्हिलने गाडी उताराकडे तोंड करून वळवली, शेपटीला शेपटी, आणि मध्ये तो ओढायचा पट्टा — रबरासारखा ताणतो, पुढच्या गाडीने धावत जायचं आणि पट्ट्याने हिसका देऊन मागचीला उपसायचं. पट्ट्यावर ओलं पोतं टाकतात, काही सुटलंच तर त्याचा जोर मरावा म्हणून. मी पोतं आणलं होतं. हे लक्षात घ्या, आणलं होतं. क्लिंटने हातातून काढून घेतलं, चिखलात टाकलं, आणि त्याच्यावर उभा राहून स्वतः पट्टा त्या हुकात अडकवला. “आता बघ उंदरा, मर्दांचं काम.” मग मी वर गेले. चाळीस पावलं असेल, एक जाडजूड झाड होतं, त्याच्या मागे. ते ओरडले, “उंदीर आवाजाला घाबरला.” टोबीसुद्धा खिडकीतून—

काय?

हो. झाडामागे. सावली होती.

बरं, नव्हती सावली. ढगाळ होतं. असं बघू नका माझ्याकडे. एवढ्या ताणाने लोखंड सुटलं की ते पडत नाही, उडतं — हे मला बाबांनी शाळेत असताना सांगितलेलं. त्यांच्या गिरणीत एक माणूस गेला होता तसा. हे मला बुधवारीही माहीत होतं आणि रविवारीही. टोबी आमच्या गाडीत होता, हूक त्याच्यापासून लांब जाणार, हेही मी बघून ठेवलं होतं. घ्या. आता तुम्हाला सगळंच कळलं. पोलिसांनासुद्धा कळलं नाही. पेनरोज लोकांनी त्यांना अपघात म्हणून सांगितलं — त्या लोकांची एक गोष्ट आहे, बाहेरच्याला काही सांगत नाहीत.

पहिल्या हिसक्याला गाडी हलली नाही. दुसऱ्याला जराशी हलली. क्लिंट ओरडला, “अजून जोरात, म्हाताऱ्या, झोपलास का?” तिसऱ्या वेळी नेव्हिलने लांबून धाव घेतली. स्फोट वगैरे काही नाही, कोरडं ‘टक्’ झालं, सुपारी फोडल्यासारखं. हूक मला दिसलाच नाही. नेव्हिलच्या गाडीची मागची काच होती आणि मग ती नव्हती, आणि गाडी आपली आपण उतारावरून चालत निघाली आणि झुडपात जाऊन थांबली. हूक सीटच्या डोकं टेकायच्या लोखंडावर आपटून वळला, म्हणून ते वाचले. वाचले म्हणजे — जबडा उजव्या बाजूने गेला. कान गेला. खांदा मी बघितला नाही. क्लिंटने त्यांना ओढून बाहेर काढलं तेव्हा ते काहीतरी सांगत होते, आणि ज्याने सांगायचं ते तोंडच खाली लोंबत होतं. टोबी धावत आला, अंगातला शर्ट काढून बापाचा जबडा दोन्ही हातांनी जागेवर धरून बसला. मी गाडीतलं मदतीचं यंत्र काढून त्याचं बटण दाबलं, बचाव पथकाचं हेलिकॉप्टर येतं मग. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

क्लिंट हुकाकडे गेला. सीटच्या पायाशी पडला होता. उचलला, उलटा केला — आणि त्याला दिसलं. मागच्या बाजूला माझ्या गाडीचा रंग जसाच्या तसा, निळा, चकचकीत, लोखंड शिवलंसुद्धा नव्हतं. माणसाला स्वतःचं काम दिसलं की तो दोनपैकी एक करतो, कबूल करतो नाहीतर दुसऱ्याला धरतो. क्लिंट वळला आणि त्याने टोबीच्या बरगडीत लाथ घातली. “तू ॲक्सिलरेटर दिलास. मी म्हटलं होतं देऊ नको. तू मारलंस बापाला.” टोबी म्हणाला, “हो, हो, मीच, पण हात नको लावूस, मी धरलंय.” मीच म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं असेल, त्याला लहानपणापासून तसंच वाटत आलंय. जबडा सोडला असता तर हात उचलता आला असता. सोडला नाही. क्लिंटने फावडं घेतलं, दांड्याने मारलं, एकदा पाठीत, एकदा मानेवर, दांडा मोडला; मग त्याने जॅकचा लोखंडी दांडा काढला, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला, आणि टोबी खाली मान घालून बसलेला, बापाच्या रक्तात कोपरापर्यंत, वर बघतसुद्धा नव्हता.

टोबी आता नेव्हिलपाशीच असतो, चमच्याने सूप भरवतो. रविवारी इथे येतो, गवत कापतो, जातो. माझ्याशी बोलत नाही. मी चहा ठेवते, तो पितो. गाडी का विकतेय म्हणाल, तर मी त्याला विचारलं होतं, ठेवू का. तो गवत कापत राहिला.

घेताय का तुम्ही? नाही ना. मला वाटलंच. किल्ली त्या खांबावर अडकवा आणि जाताना फाटक ओढून घ्या, शेजारची गुरं आत येतात. त्याने दांडा उगारल्यावर मी काय केलं ते? एवढंच ऐकायला थांबलायत होय. फार काही नाही केलं. उतरले खाली, त्या दांड्याच्या खाली जाऊन उभी राहिले, आणि तिघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, “क्लिंट, त्याला नाही, मला मार. ते सुटणार हे मला बुधवारपासून माहीत होतं.”