दुसऱ्याच्या हातानं

गुलमंडीतल्या वैद्यांकडं भानुमती नंबर लावून बसली होती. शेजारी कन्नडहून आलेल्या दोघी जावा बोलत होत्या. मान न वळवता तिला सगळं ऐकू येत होतं.

“सरू, तुझं केस गळायचं तर थांबलं. मग आज परत कशाला आलीस?”

“तेल संपलं, आवडाबाई.”

“थांबलं तर तेल कशाला?”

“हळू बोला. मालकांना वाटतंय, अजून गळतात.”

“खोटं सांगितलंस व्हय?”

“माझा खांदा धरला होता, तवा वैद्य म्हणले, तेल दुसऱ्याच्या हातानं चोळून घ्या. तवापासून मालकच चोळतात. रोज दिवेलागणीला अर्धा तास.”

“रामकिसन भाऊजी? त्यांनी तर कधी पाण्याचा तांब्या हातानं घेतला नाय.”

“आता तेल कोमट करून आणतात. आन् चोळता चोळता लई बोलतात. चाळीस वर्षांत एवढं बोलले नव्हते.”

“आन् खांदा?”

“तो कवाच बरा झाला. ते रानात गेले की माळ्यावरचे डबे काढते मी.”

“मग गळालेलं केस दाखवतीस कुठलं?”

“तुमचं. रोज सकाळी तुमची फणी मागायला येते, ती उगाच व्हय?”

भानुमतीचा नंबर आला.

“केस कोरडे पडलेत, सारखे पिंजारतात,” ती वैद्यांना म्हणाली.

“माक्याचं तेल देतो. रोज लावा.”

“बाटलीवर लिहून द्या ना, दुसऱ्याच्या हातानं लावावं म्हणून.”

वैद्यांनी पेन उचललं.

“जरा मोठ्या अक्षरात लिहा,” भानुमती म्हणाली, “ह्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही.”