परतीची मोजणी

बाबा: हळू घे. पुढचं वळण फसवं आहे.

मुलगी: बाबा, गाडी मी चालवतेय. बसल्या जागी ब्रेक दाबणं बंद करा.

बाबा: या घाटात बस चालवण्यात जन्म गेला. पाय ऐकत नाही.

मुलगी: आणि आईच्या दोन बॅगा कशाला घेतल्यात? डिकी लागता लागत नव्हती.

बाबा: स्वेटर आहेत. समुद्रावर वारा असतो.

आई: मंडळी, डावीकडे पाहा. आता समुद्र दिसेल. आधी नुसती रेघ, मग सगळा.

मुलगी: दिसला, आई. केवढा निळा आहे.

आई: मला आई काय म्हणता? गाइडबाई म्हणा. सगळे तसंच म्हणतात.

बाबा: म्हण गं. आपलं काय जातंय?

मुलगी: माझं जातंय, बाबा. गेल्या महिन्यापर्यंत मी निदान ओळखीची तरी होते. अजून मागे फिरता येईल.

बाबा: फिरून काय करू? परवा गॅस उघडा टाकून शेजारी जाऊन बसली. त्याआधी बस स्टँडवर सापडली. मी एकटा, तुझी नोकरी दुसऱ्या टोकाला. खालच्या वृद्धाश्रमातल्या बायका मायेनं करतात, आपण बघून आलोय.

मुलगी: बघून आलो तेव्हा परतीच्या वाटेवर तुम्ही चकार शब्द काढला नव्हता.

आई: पुढचे प्रवासी, गप्पा नंतर. तो बुरूज पाहा. त्यावर मोठी तोफ होती. शत्रू आलाच नाही, तोफेत चिमण्यांनी घर केलं. इथं लोक हसतात.

मुलगी: हसलो, गाइडबाई.

आई: मनापासून नाही हसलात.

बाबा: ही तोफ मी हजारदा ऐकलीय. बस माझी, बडबड तिची. परत निघताना ती माणसं मोजायची आणि 'चला' म्हणायची, की मी गाडी सोडायची. एकदा मोजून झाली, 'चला' म्हणाली, आणि कुणा म्हातारीची राहिलेली छत्री आणायला खाली उतरली. मी आपला निघालो.

मुलगी: तिला टाकून?

बाबा: ती स्वतःला कधी मोजायचीच नाही. घाट चढून गेल्यावर कुणीतरी विचारलं, गाइडबाई कुठायत? भरली बस वळवली. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. ही वेशीपाशी दगडावर बसलेली, मांडीवर छत्री. रडणं नाही, भांडण नाही. म्हणाली, 'उशीर केलात.' बस, तेवढंच.

मुलगी: हे कधी सांगितलं नाहीत.

बाबा: सांगायचंय काय त्यात? नंतर लग्नच केलं.

(गाडी जुन्या वेशीतून आत येऊन एका फाटकापाशी थांबते. मुलगी आईला उतरवते. आई फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसते.)

आई: एक, दोन. सगळे आले. चला, निघा आता. घाटात अंधार होतो.

मुलगी: आणि तुम्ही, गाइडबाई?

आई: मी थांबते. आमचा ड्रायव्हर परत येतो.

मुलगी: नाही आला तर?

आई: असं कसं? विसरतो, पण येतो.

मुलगी: बाबा... डोळे पुसा. तिची बॅग काढू का?

बाबा: दोन्ही काढ.

मुलगी: स्वेटरांची राहू दे की. पुढच्या खेपेला आणू.

बाबा: दुसरी माझी आहे. इथं दोघांची खोली मिळते, फोन करून विचारून ठेवलं होतं. कपडेही भरले. राहतं घर सोडायचा धीर तेवढा होत नव्हता.

मुलगी: मला एका शब्दानं तरी बोलायचं होतंत.

बाबा: माझंच ठरत नव्हतं, तुला काय सांगू? तू नीघ. उजेड आहे तोवर घाट पार कर. वळणावर हॉर्न देत जा.

मुलगी: देते.

बाबा: जरा सरकता का, गाइडबाई? आलोय मी.

आई: उशीर केलात.