आरोप नामंजूर

मामा: म्हणजे तुला जुळ्या झाल्या त्या वर्षीची ही गाडी. चार वर्षांची. जुनी नव्हे.

भाची: गाडी जुनी नाही मामा, अ‍ॅप नवं आहे. तेरा किलोमीटर जाईल एवढी वीज उरलीय आणि मोठ्या मावशीला ठेवलंय ते हॉस्पिटल एकेचाळीस किलोमीटरवर.

मामा: मग भर की. यंत्र समोर उभं आहे, नळी तुझ्या हातात आहे.

भाची: नळी नाही, गन म्हणतात. आणि ती नुसती लावून भागत नाही. आधी अ‍ॅपची मर्जी सांभाळावी लागते.

पहारेकरी: पासवर्ड तीनदा चुकला का, बाई?

भाची: एकदाच चुकला. नंतर दोनदा बरोबर टाकला, तो त्याला आवडला नाही.

पहारेकरी: मग उद्यापर्यंत दार बंद.

भाची: तुम्ही इथलेच ना? तुम्ही चालू करून द्या.

पहारेकरी: मी पहारेकरी. यंत्र कुणी उचलून नेऊ नये एवढं माझं काम. चालू करायचं बटण मला दिलेलं नाही. यंत्रालाच दिलेलं नाही.

मामा: मिक्सरला बटण असतं, आणि ह्या धिप्पाड कपाटाला नाही?

पहारेकरी: फोनमध्ये असतं म्हणतात. माझ्या फोनला बटणं आहेत, म्हणून त्यात अ‍ॅप नाही.

भाची: मामा, तुमचा फोन द्या. तुमच्या नावाने खातं उघडते. नाव, पत्ता, जन्मतारीख... आता गाडीचं लाडाचं नाव विचारतोय. दिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मामा: काय लिहिलंस?

भाची: रडूबाई. चला, गन लावली. आता हिरवं बटण येईल, ते दाबा. चार वाजतायत. दहा मिनिटं भरलं की पावणेपाचला आपण मावशीजवळ. मी जरा तिथे हॉस्पिटलात दादाला फोन करते, माझ्या फोनला तिकडे रस्त्यावरच रेंज येते.

(भाची रस्त्याकडे जाते.)

मामा: आलं बघा काहीतरी. 'आपली बंदूक वाहनात घातली गेली आहे. धन्यवाद.'

पहारेकरी: बंदूक?

मामा: असं लिहिलंय. माझा फोन मराठीत आहे. मी पंचेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकलो, त्यामुळे अक्षर दिसलं की सोडवत नाही. पुढे ऐका. 'आपल्या वाहनावर आरोप करण्यास आपली संमती आवश्यक आहे.' खाली दोन बटणं. हिरव्यावर 'आरोप मान्य', तांबड्यावर 'आरोप नामंजूर'.

पहारेकरी: कसला आरोप?

मामा: ते कुठे सांगितलं नाही.

पहारेकरी: बाई तर हिरवं दाबा म्हणाल्या.

मामा: तिने रंग सांगितला, मजकूर नाही सांगितला. आमच्या कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा मॅनेजरनेही असंच बोट ठेवून दाखवलं होतं. इथे अंगठा दे, हजेरीचा कागद आहे. दिला. संध्याकाळी आक्काने त्याची नक्कल वाचली, तेव्हा मला कळलं की बॉयलर मी फोडला.

पहारेकरी: मग?

मामा: मग नोकरी गेली. आक्का म्हणाली, रडणं पुरे, बस इथे. रोज तासभर. सिमेंटची पोती, औषधाच्या बाटल्या, हाताला लागेल त्यावरची अक्षरं. आणि कबूल करून घेतलं, की न वाचता अंगठा नाही, वाचून पटलं नाही तर मुळीच नाही. तिलाच भेटायला निघालोय.

पहारेकरी: मग आता काय करता?

मामा: केलं. तांबडं दाबलं.

भाची: मामा, दादा म्हणतोय लवकर या. मावशी सारखी दाराकडे बघतेय, माझा भाऊ आला का विचारतेय. किती टक्के झालं?

मामा: काही नाही. मी नामंजूर केलं.

भाची: काय नामंजूर केलं?

मामा: आरोप.

भाची: बघू इकडे. ...अहो, हे चार्जिंग आहे. चार्ज म्हणजे आरोपसुद्धा होतो ना, कुणीतरी तोच शब्द उचलून इथे डकवलाय.

मामा: पगार घेऊन?

भाची: माणूस असला तर घेतला असेल.

मामा: मग आण, हिरवं दाबतो.

भाची: हिरवं गेलं. 'आपण आरोप फेटाळला आहे. साठ मिनिटांनी प्रयत्न करा. आपला अनुभव कसा होता? तारे द्या.'

पहारेकरी: तारे दिल्याशिवाय ते पान हलत नाही. लोक घाईत असतात, पाच देऊन मोकळे होतात. म्हणून तर वर पाटी आहे, ग्राहकांचं सर्वात लाडकं केंद्र.

भाची: मदतीचा नंबर?

पहारेकरी: लागतो की. गोड आवाजात सांगतात, मदतीसाठी अ‍ॅप उघडा.

भाची: बस? रिक्षा? काहीतरी असेल ना.

पहारेकरी: बस सहाला. रिक्षा इकडे फिरकत नाही. दुसरी गाडी भरायला आली तर तिला हात करू, पण दुपारपासून तुम्हीच आलात.

भाची: एक बटण होतं, मामा. रंगसुद्धा सांगून गेले होते.

मामा: हो.

भाची: नुसतं हो काय?

मामा: तू सांगितलं होतंस, आणि मी वाचत बसलो. अजून काय म्हणू?

भाची: ...पाणी प्या. सावलीत बसा. त्या फोनकडे बघत राहून मिनिटं कमी होत नाहीत.

मामा: दर मिनिटाला एक कमी होतंय. बघतोय मी.

पहारेकरी: माझी खुर्ची घ्या. घ्या हो, मला उभं राहायचाच पगार आहे.

मामा: वाजला. दादा आहे.

भाची: द्या, मी बोलते.

मामा: मीच बोलतो. ...हं. ...हं. जवळ कोण होतं? ...बरं. ...नाही, अजून इथेच आहोत. ...ठेव.

पहारेकरी: बाई, तास होत आला. हिरवं येईल आता.

भाची: जरा थांबा हो. मामा?

मामा: आक्का गेली. पाचला दहा कमी असताना.