आमचे हे चाखायचे

फोन उलटा ठेवलात तरी तो ऐकत असतो, मला माहीत आहे, पण राहू दे, ठेवा तिथं डब्याजवळ. आधी मला सांगा, तुम्हाला पाठवलं कोणी? कोणी नाय? आपणहून आलात? बरं. मागं पण एक जण असाच आपणहून आला होता, चहा प्यायला, गोड गोड बोलला आणि जाताना आमच्या खिडकीचे फोटो काढून गेला. खिडकीत काय आहे? दोन तुळशी. म्हणून विचारते, राग मानू नका. नाव माझं लिहू नका. लिहायचंच तर लिहा, लालबागची एक बाई.

मी इथलीच. म्हणजे गाव आमचं मालवणच्या बाजूला, पण जन्मली ह्याच चाळीत, खालच्या मजल्यावर, लग्न होऊन वर आली. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि आये खानावळ चालवायची. गावाला बायकापोरं ठेवून कामाला आलेले बाप्ये आमच्याकडे जेवायचे, एक पंगत उठली की दुसरी, आम्ही पोरं कुठं झोपायचो, कुठं अभ्यास करायचो ते देवाला माहीत. आयेचा कायदा एकच, उष्टं चालणार नाय. ताटातला हात टोपात जायचा नाय, चाखलेला चमचा परत आमटीत जायचा नाय, आणि लोणच्याच्या बरणीकडे तर नुसतं बघायचं सुद्धा विचारून. एकदा एका गाववाल्यानं स्वतःच्या ताटातल्या चमच्यानं कढी ढवळली, तर आयेनं अख्खा टोप मोरीत ओतला आणि त्या दिवशी सगळ्यांना नुसता भात वाढला. मी रडली, तर बोलली, रडतंस कित्याक, तोंडाचा पाणी लागला काय कढी सांजपर्यंत आंबता गो. हे मी तुम्हाला उगाच सांगत नाय, पुढं लागेल.

मिली बंद पडल्या, खानावळ पण बसली, मग मी परळला हॉस्पिटलात आयाबाई म्हणून लागली ती रिटायर होईपर्यंत. आयाबाईचं अर्धं काम म्हणजे बेडपॅन आणि अर्धं काम म्हणजे खोटं बोलणं. दुखणार नाय हां, एवढंच टोचेल. मुलगा खाली आलाय, पास मिळत नाय म्हणून थांबलाय. मुलगा कुठला येतोय? पण माणूस शांत झोपायचा. खोटं बोलताना चेहरा सरळ ठेवायचा, हातातलं काम थांबवायचं नाय आणि एकदा बोललेलं फिरवायचं नाय, बस. काय सांगू तुम्हाला, मला तेव्हा वाटायचं ह्या पापाचा हिशोब वर कुठंतरी होतोय.

आमचे हे मिलमध्ये फिटर होते. उंच, धिप्पाड, आवाज असा की खालून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरची पोरं खेळ थांबवायची. मग पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंड एका बाजूनं वाकडं, दिलेल्यातलं अर्धं बाहेर यायचं. डावा हात तेवढा चालायचा. माझं बोट दाबायचे, एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाय. आम्हाला मूलबाळ नाय. तो डावा हात आणि मी, असा आमचा संसार.

आणि मग ते आले. ते कसे आले, आकाशातून काय कुठून, ते सगळं तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, मी नाय बघितलं, मी ह्यांना पुसत होती. लालबागमध्ये सगळे त्यांना चादरी बोलायचे. ओली चादर वाळत टाकल्यावर कशी दिसते, तसेच, उंच, पाय नाय, डोळे नाय तरी सगळं बघायचे, आणि तोंड नाय. तोंड नाय हे ध्यानात ठेवा. खायचे नाय, प्यायचे नाय. बंद मिलच्या आवारात जो जुना हौद आहे ना, तो त्यांनी दुधासारख्या कसल्यातरी पाण्यानं भरला, आणि सगळ्या मुंबईतल्या चादरी तिथं येऊन भिजायच्या, भिजल्या की ताज्या व्हायच्या. जवळजवळ अख्ख्या चाळीनं गाव गाठलं. मला बोलले, चल. मी बोलली, ह्यांना जिन्यावरून उतरवणार कोण? बघू बोलले, आणि गेले. दोष नाय देत. पण बघू बोलताना माझ्याकडे कोणी बघितलं नाय, हे मी विसरली नाय.

मागं राहिलेल्यांना चादरींनी उचलून मिलमध्ये नेलं. ह्यांना खाटेसकट उचललं. माझ्या हातात दहीभाताचा डबा होता, तो तसाच घेऊन मी मागून धावली. तिथं वरच्या मजल्यावरचे दळवी उभे होते, कचेरीतून रिटायर झालेले, चाळीच्या पूजेचा जमाखर्च तेच बघायचे. मला बरं वाटलं, ओळखीचं माणूस दिसलं. पण मग ते बोलायला लागले. आवाज दळवींचा, शब्द दळवींचे, डोळे मात्र कोणाचेच नाय. त्यांना त्या हौदातलं लोटाभर पाजलं होतं. ज्याला लोटाभर पाजलं तो त्यांचं तोंड व्हायचा. स्वतःची बायको, पोरांची नावं, सगळं आठवायचं, पण बोलायची चादर.

सगळ्यांना एकच प्रश्न, हा काय करतो? गवंडी असेल तो इकडे, वायरमन असेल तो तिकडे. जो काहीच करत नाय त्याला शेडच्या मागं न्यायचे, आणि शेडच्या मागून कोणी परत आलेलं मी बघितलं नाय. मला विचारलं, मी बोलली साफसफाई करते, माणसांची, भांड्यांची, हौदाची पण करीन. मग दळवी ह्यांच्या खाटेकडे वळले. हा काय करतो?

मी हात थांबवला नाय, ह्यांची लाळ पुसत होती ती पुसतच राहिली, आणि बोलली, हे चाखतात.

चाखतात म्हणजे काय?

मी बोलली, आमच्यात मोठं भांडं असलं की त्याला एक चाखणारा माणूस लागतो. तो रोज चाखतो म्हणून भांडं टिकतं. म्हणून तर ह्यांना आम्ही कामाला लावत नाय, झोपवून ठेवतो, आंघोळ घालतो, घास भरवतो. तुम्ही बघितलं नाय का घराघरात, आधी एकाच्या पुढं नेऊन ठेवतात आणि मग बाकीचे जेवतात? आता त्यांनी ते बघितलं होतं, नैवेद्य बघितला होता, म्हाताऱ्यांना आधी वाढतात ते बघितलं होतं. अर्थ कळला नव्हता. त्यांच्यातली सगळ्यात मोठी चादर हलली आणि दळवी बोलले, उद्यापासून हा आमचं भांडं चाखेल.

मग रोज तेच. खाट हौदाच्या कठड्याला लावायची, मी लांब दांड्याच्या चमच्यात थोडं घ्यायची, ह्यांच्या तोंडाला लावायची, कानात सांगायची, गिळू नका, अजिबात गिळायचं नाय, आणि जे बाहेर यायचं ते चमच्यातच झेलून चमचा परत हौदात बुडवायची. सगळ्या चादरी गोळा होऊन बघायच्या. मला आये आठवायची. तिनं बघितलं असतं तर मला त्याच हौदात ढकललं असतं.

आधी माझ्या मनात तेवढंच होतं, ह्यांना शेडच्या मागं न्यायला नको. पण मी बाई आहे, स्वयंपाकघरात वाढलेली. थोड्या दिवसांनी बघितलं तर जिथं चमचा बुडवायची तिथं साय धरल्यासारखं जाड झालं होतं आणि आंबल्याचा वास येत होता. तो वास मला झोपेत पण कळेल. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याला तोंडच नाय, त्याला उष्टं काय कळणार? त्यांच्यात कोणी कोणाचं भांडं कधी उष्टं केलंच नाय. मग मी मुद्दाम करायला लागली. आम्हाला ते तांदूळ आणि दुधाची पावडर द्यायचे, कुठल्यातरी दुकानातून उचललेली. त्या डब्यातल्या दह्याचं मी विरजण राखलं होतं, ते लावत राहिली. चाखायच्या आधी ह्यांना दही भरवायचं आणि लगेच तोंडाला चमचा लावायचा. ह्यांना काही सांगितलं नव्हतं, कारण आजूबाजूला कोण कोणाचं तोंड आहे कळत नव्हतं, बाजूला बसून भात खाणाऱ्या माणसावर पण माझा विश्वास नव्हता. पण एकदा दही भरवताना ह्यांनी माझं बोट एकदा दाबलं. मी काही विचारलंच नव्हतं. नुसतं हो.

संशय त्यांना पण आला. दळवी येऊन माझ्या डब्यात नाक खुपसायचे, हे आंबट का? मी बोलली, चाखणाऱ्याचं तोंड साफ व्हायला लागतं. हौद जड का झाला? मी बोलली, पिकतोय, आता भरपूर टिकेल. मोठी चादर माझ्याभोवती फिरायची, ओलसर वारा लागायचा मानेला. मी फडका मारत राहायची. मग एका सकाळी ती दळवींच्या तोंडून बोलली, भांडं पिकत असेल तर चाखणाऱ्यानं चमचाभर कशाला, लोटाभर प्यावं. आमच्यासमोर.

मी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, तशी रीत नाय. दळवी बोलले, मग शेडच्या मागं नेतो. मी बोलली, मी पिते. दळवी बोलले, चाखणारी तू नाय. माझे हात थांबले, पहिल्यांदा. आणि ह्यांनी काय केलं असेल, तो डावा हात उचलला, दळवींच्या हातातला लोटा धरला आणि स्वतः तोंडाला लावला. मी मान धरून कठड्यावर वाकवली, घशात बोटं घालायला निघाली, पण बोटं घालायची वेळच आली नाय, ह्यांना उलटी झाली ती सगळी हौदात. सकाळी खाल्लेला दहीभात, लोट्यातलं, सगळं. सगळं म्हणजे मी धरून चालते सगळं. मोजून कोण बघणार? मी ओरडून बोलली, बघा, चाखणाऱ्यानं परत दिलं, ह्याहून चांगला शकुन नाय. आणि काय सांगू तुम्हाला, तोंड नसलेल्यांना ते पण पटलं.

पुढं फार दिवस लागले नाय. हौद दह्यासारखा लागला, वरून पिवळं पाणी सुटलं. चादरी त्यात उतरायच्या त्या बाहेर येऊन आखडायच्या, कडक व्हायच्या, मग मिलच्या फरशीवर पडून राहायच्या. मोठी चादर शेवटी पडली. ती पडली आणि दळवी मटकन खाली बसले, आजूबाजूला चाचपडत मला विचारायला लागले, वहिनी, माझा चष्मा बघितलात का? आमचा हौद गेला तशा मुंबईतल्या सगळ्याच गेल्या, भिजायला दुसरी जागा नव्हती त्यांना. मी तिथंच बसून रडली, ह्यांच्या खाटेचा पाय धरून. आयेची माफी पण मागितली.

आता तुम्ही बोलाल, संपलं, छान झालं. थांबा. घरी आल्यावर थोड्या दिवसांनी हे बोलायला लागले. आधी एक शब्द, मग दोन, आता पूर्ण वाक्यं बोलतात. डॉक्टर बोलले, होतं असं कधी कधी, धक्का बसून वाचा येते, नशीब समजा. मी समजलं. पण आवाज जरा हळू आहे, पहिल्यासारखा नाय. मी परीक्षा घेतली. विचारलं, तुमच्या आयेचं नाव काय, बरोबर सांगितलं. लग्नात कोण रुसलं होतं, तेही सांगितलं. पण दळवींना पण सगळं आठवायचं ना, जेव्हा ते दळवी नव्हते. चादरी गेल्या तशी त्यांची तोंडं मोकळी झाली, मग ह्यांच्यात कुठली राहणार, असं पण मी मनाला सांगते. आणि लगेच मन बोलतं, सगळ्या गेल्या हे कोणी मोजलं? एखादी पोटात राहिली असेल तर? मी झोपलेल्या ह्यांच्याकडे बघत बसते. पोलीस चाळीत येऊन सांगून गेलेत, घरातलं माणूस वेगळं वाटलं तर कळवा.

काल मी भाकऱ्या थापत होती, आणि आतून आवाज आला, तू जेवलीस का?

आता बघा, माझा माणूस वाईट नव्हता. दारू नाय, हात उचलला नाय, पगार आणून हातात द्यायचा. पण एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यानं मला कधी विचारला नव्हता. एकदा पण नाय. बाईनं जेवायचं असतं हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. मी तवा उतरवला आणि दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. तो पण बघत होता, वाकड्या तोंडानं हसत. कळवायला पाहिजे, मला कळतंय. मी कळवणार नाय, आणि तुम्ही पण कुठं बोलू नका. जो कोण असेल त्याला देव सुखी ठेवो. मी बोलली, नाय जेवली अजून. तर बोलला, मग ताट घेऊन ये आणि इथं बस, माझ्याजवळ.

बसली.