बांधावरची वेल

पोर्तुगालातल्या दोरू नदीकाठच्या बसथांब्यावर रांगेत लुर्देसच्या पुढे विधवा फेलिज्मीना आणि तिच्या शेजारच्या मळ्यातले विधुर अदेरितो उभे होते. लुर्देसने कान टवकारले.

"फेलिज्मीनाबाई, आपल्या दोघांच्या मळ्यांमधल्या बांधावरची द्राक्षवेल वाळली. नवी कुठली लावू?"

"'कुत्रेगळघोटी' जातीची लावा. आंबटढाण असते, तुमच्यासारखी."

"मी दुसरीच आणलीय. पण नाव सांगायला लाज वाटते."

"लाज कसली? आपण 'मेंढीशेपटी'चीसुद्धा वाइन पितो!"

"हिचं नाव... 'सखे-सोडू-नको-मला'."

सगळ्या रांगेच्या माना वळल्या.

"ह्या वयात? अहो, फळ धरायला वर्षं जातात."

"जाऊ देत की. घाई कुणाला आहे?"

बस आली. फेलिज्मीना पायरीवर चढली आणि मागे वळली.

"मग बांधावर कशाला लावताय? तो बांधच काढून टाका की!"